उसाचा ‘उ’

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या रस्त्यावर एक शब्द जागोजाग दिसतो. ऊस. ट्रॉलीच्या फळीवर, मागण्यांच्या फलकावर, रसवंतीच्या पाटीवर, सोसायटीच्या नोटिशीत. आणि जिथे त्याला प्रत्यय लागतो तिथे तो हमखास चुकतो. ‘ऊसाला दर द्या.’ ‘ऊसाचा ताजा रस.’ ‘ऊसाची बिले जमा.’ पाहिजे तिथे उसाला, उसाचा, उसाची.

ज्याने ती पाटी रंगवली त्यालाच विचारा, दर कशाला पाहिजे? तो म्हणेल, उसाला. उ आखूड, सा लांब. ‘ऊसाला’ असे तो चुकूनही म्हणणार नाही. मुद्दाम म्हणायला सांगितले तर अडखळेल.

म्हणजे तोंड बरोबर आहे आणि हात चुकतो आहे. जी गोष्ट माणसाला बोलताना चुकवताच येत नाही, ती त्याला लिहिताना साधत नाही. याचे कारण निष्काळजीपणा असे सांगितले जाते. ते कारण खरे नाही. शाळेने त्याला नियम दिला, नियमामागचा आवाज दिला नाही.

नियम काय सांगतो ते बघा. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा. सामान्यरूपाच्या वेळी तो ऱ्हस्व लिहावा. मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि शासनाने 1962 साली मान्य केलेले नियम हेच सांगतात. 1972 साली त्यांत चारांची भर पडली आणि एकूण 18 झाले. नियम चोख आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ते लिहिणाऱ्या, छापणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या जाणत्या माणसांसाठी सूत्ररूपाने मांडलेले आहेत. तीच सूत्रे आपण दहा वर्षांच्या पोरापुढे ठेवतो. अकारान्त, उपान्त्य, सामान्यरूप हे तीन दगड ओलांडल्याशिवाय त्याला स्वतःच्या शेतातला ऊस लिहिता येत नाही.

त्यातही ‘उपान्त्य’ हा शब्द मुलाला सरळ गोंधळात टाकतो. उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरे अक्षर. कागदावर ‘ऊस’ ही दोन अक्षरे आहेत, म्हणून ऊ उपान्त्य. पण कानाला तिथे दोन काही ऐकूच येत नाही. हनुवटीखाली तळहात धरून ‘ऊस’ म्हणा. हनुवटी एकदा खाली येते. शब्दाचा एकच तुकडा. ऊ वर तोंड उघडते आणि स वर मिटते. आता ‘उसाला’ म्हणा. हनुवटी तीनदा हलते. उ, सा, ला. मघाशी ऊ ला मिटवणारा स आता पुढच्या तुकड्यात गेला, आ ला चिकटला. उ उघडा राहिला. उघडा राहिला म्हणून आखूड झाला. नियम एवढाच आहे. बाकीची सगळी परिभाषा या एका हालचालीला दिलेली नावे आहेत.

हे एकदा ऐकू आले की सगळा परिसर बोलू लागतो. गूळ, पण गु-ळा-चा. दूध, पण दु-धा-ला. मूल, पण मु-ला-ला. वकील, पण व-कि-ला-ला. कोल्हापूर, पण को-ल्हा-पु-रात आणि को-ल्हा-पु-री. ‘पूर’ हा गावाच्या नावातला शब्द दीर्घ लिहावा असा स्वतंत्र नियमच आहे, आणि तो पाठ असलेले लोकही चपलांच्या दुकानावर ‘कोल्हापूरी’ लिहितात. त्या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखी चप्पल दिसली तेव्हा श्रेय कुणाचे यावर मोठा वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. पण तिचे नाव तिच्याच जिल्ह्यातल्या पाट्यांवर दोन तऱ्हांनी लिहिले जाते, याची खंत फारशी कुणाला वाटली नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे सामान्यरूपामुळे होते, तुकड्यांमुळे नाही. मग ‘ऊसतोड’ घ्या. ऊस-तोड. मजूर मराठवाड्यातून येतात, टोळ्या पडतात, तो हा शब्द. इथे ऊस पुढच्या शब्दाला जोडला आहे तरी ऊ दीर्घच राहतो. का? कारण स जागचा हललेला नाही. तो अजून ऊ च्याच तुकड्यात आहे. उसाची तोड म्हटले की स निघाला आणि उ आखूड झाला. दूधगंगेचेही तसेच. दूध-गंगा. ध जागेवर, म्हणून दू दीर्घ. ज्या दोन नद्यांच्या नावाने बिद्रीचा साखर कारखाना उभा आहे, त्यांतल्या एकीच्या नावातच हा धडा आहे. फुलपाखरासारख्या काही जुन्या जोडशब्दांत ऱ्हस्व रूढ झाला आहे. ते तेवढे लक्षात ठेवायचे.

उलट बाजूही पाहावी लागेल. तुकडा मिटला की तो लांबतोच असे नाही. शब्दाच्या, किंवा जोडशब्दातल्या घटक शब्दाच्या, शेवटी मिटला तरच लांबतो. मध्ये मिटलेल्या तुकड्यात इ-उ आखूडच राहतात. मुक्काम, पुष्कळ, भिस्ती. खुद्द बिद्री. लिहिताना आपण बि आणि द्री असे दोन भाग पाडतो, कारण द्र हे जोडाक्षर डोळ्याला एक दिसते. बोलताना मात्र बिद्-री. द् हा बि ला मिटवतो, म्हणून बि आखूड पण भरीव. शेवटची री मोकळी असली तरी शब्दाच्या टोकाला आहे, म्हणून लांब. आणि बिद्रीहून फार दूर नाही ते मुरगूड. त्या एका नावात दोन्ही गोष्टी आहेत. मुर-गूड. पहिला तुकडा मध्ये मिटतो, उ आखूड. दुसरा शेवटी मिटतो, ऊ लांब. मुरगुडात म्हटले की ड पुढे सरकतो आणि तोही आखूड होतो. त्या गावच्या बाजारात भाजी विकणारी बाई हे तिन्ही उकार दिवसभर बिनचूक बोलते.

अक्षरांची संख्या आणि तुकड्यांची संख्या मराठीत जुळत नाही. सगळा घोळ इथे आहे. कागल तीन अक्षरी, तुकडे दोन: का-गल. सरवडे चार अक्षरी, तुकडे तीन: सर-व-डे. गारगोटी चार अक्षरी, तुकडे तीन: गार-गो-टी. लिहिलेल्या र मधला अ बोलताना गळतो आणि त्याची कसलीही खूण कागदावर राहत नाही. तरी आपण मुलांना पहिल्या इयत्तेपासून सांगतो की मराठी जशी बोलतात तशी लिहितात. हे वाक्य भाषेवरच्या प्रेमापोटी सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. मुलगा त्यावर विश्वास ठेवतो आणि स, र, व, डे असे एकेक अक्षर सुटे वाचू लागतो. घरी जे गाव तो सहज म्हणतो, ते पुस्तकात त्याला ओळखू येत नाही.

स्पॅनिश ही भाषा या बाबतीत आपल्याला काही शिकवू शकते. तिथे मुलाला लिहायला शिकवताना आधी शब्दाचे तुकडे पाडायला लावतात. टाळ्या वाजवून. मग जोर कुठल्या तुकड्यावर आहे ते शोधायचे. आणि मगच लेखणी उचलायची. नियम दोन ओळींचा आहे. शब्द स्वराने, न ने किंवा स ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. इतर कुठल्याही व्यंजनाने संपला तर शेवटच्या तुकड्यावर. जिथे बोलणे या नियमाला सोडून जाते तिथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ मारायची. बस्स. त्यामुळे कधीही न ऐकलेला शब्द मुलगा पहिल्या वाचनात जोरासकट म्हणतो.

कोल्हापूरला फुटबॉलचा नाद आहे, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. 2022 च्या विश्वचषकात अर्जेंटिनासाठी चार गोल करणारा हुलियान आल्वारेस. त्याचे नाव स्पॅनिशमध्ये लिहिताना दोन रेघा येतात. हुलियान न ने संपते, म्हणजे नियमाने जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर हवा; पण लोक शेवटच्या ‘लियान’वर जोर देतात, म्हणून तिथे रेघ. आल्वारेस तिकडच्या लिपीत झेड या अक्षराने संपते, म्हणजे नियमाने जोर शेवटी हवा; पण लोक ‘आल’वर देतात, म्हणून तिथे रेघ. मारादोना या नावावर रेघ नाही. स्वराने संपते आणि जोर ‘दो’वर आहे, नियमाप्रमाणेच. ज्याला नियम माहीत आहे त्याला नाव वाचताना कुणाला विचारावे लागत नाही.

आणि आता आपल्या उसाशेजारी ठेवावे असे एक उदाहरण. स्पॅनिशमध्ये गाण्याला म्हणतात कान्सिओन. कान-सिओन. न ने संपते, जोर शेवटी, म्हणून रेघ. अनेकवचन होते कान्सिओनेस. कान-सिओ-नेस. शेवटचा न उठून पुढच्या तुकड्यात गेला. शब्दाला एक तुकडा वाढला. जोर होता तिथेच आहे, पण आता तो शेवटून दुसरा झाला, म्हणून रेघ गळाली. त्यांच्याकडे प्रत्यय लागताच रेघ गळते, आपल्याकडे प्रत्यय लागताच दीर्घाचा ऱ्हस्व होतो. दोन्हीकडे एकच घडते: शेवटचे व्यंजन पुढच्या तुकड्यात जाते. फरक एवढाच की तिथल्या मुलाला हे प्राथमिक शाळेतच ऐकून कळते, आणि इथल्या मुलाला स्पर्धा परीक्षेच्या वर्गात सूत्र म्हणून घोकावे लागते.

स्पॅनिशमध्ये जोर बदलला की अर्थ बदलतो. तेर्मिनो या एकाच सांगाड्याचे तीन शब्द होतात. पहिल्या तुकड्यावर जोर, तर शेवट. दुसऱ्यावर, तर मी संपवतो. तिसऱ्यावर, तर त्याने संपवले. मराठीत जोराला एवढे काम नाही, म्हणून आपल्याला त्याची फिकीर नाही, असे म्हणता येईल. पण पूर्ण खरे तेही नाही. दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द आहेत. दर्-या म्हणजे समुद्र. द-ऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात र् मागच्या तुकड्यात बसतो आणि द वर जोर येतो. दुसऱ्यात तो पुढच्या तुकड्यात जातो आणि द हलका राहतो. हा फरक लिहिता यावा म्हणून मराठीने दोन वेगळ्या खुणा ठेवल्या: डोक्यावरचा रफार आणि पुढच्या अक्षराला चिकटणारा चंद्रकोरीचा र. तुकडा कुठे तुटतो हे सांगणारी खूण आपल्या लिपीत पूर्वापार आहे. संगणकाच्या युनिकोडमध्येही या ऱ ला स्वतंत्र जागा आहे. असे असताना ज्या पट्ट्यात गूळ शिजतो त्याच पट्ट्यात ‘गुर्हाळ’ अशी पाटी दिसते. तसे वाचले तर गुर्-हाळ होईल. तसे कुणीच म्हणत नाही. सगळे म्हणतात गु-ऱ्हाळ. इथेही तोंड बरोबर आणि हात चूक.

जोर हा शब्द मराठी शाळेत येतो तो वृत्तांच्या धड्यात, आघात या नावाने. जोडाक्षराच्या मागच्या अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरू, नसेल तर लघू. बहुतेक मुलांची आघाताशी तेवढीच भेट होते. यमाताराजभानसलगं पाठ केले, परीक्षा झाली, विषय संपला. बिद्रीतला बि गुरू आणि गुऱ्हाळातला गु लघू हे त्याच कानाने कळते, ज्या कानाने ऊस आणि उसाला कळायला हवे. पण वृत्तांचा धडा एकीकडे, शुद्धलेखनाचे नियम दुसरीकडे, आणि दोघांची गाठ कुणी घालून देत नाही.

यावर एक सोपा तोडगा अधूनमधून सुचवला जातो. ऱ्हस्व-दीर्घ काढूनच टाका, एकच वेलांटी, एकच उकार ठेवा. मला तो मान्य नाही. तो सुचवणारे असे धरून चालतात की हा फरक फक्त कागदावरचा आहे, पंडितांनी लादलेला आहे. ऊस आणि उसाला हा फरक कागदावरचा नाही. तो शेतकऱ्याच्या तोंडात आहे. कागदावरून तो पुसला तर लिपी बोलण्यापासून आणखी एक पाऊल लांब जाईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कान प्रत्येक वेळी साथ देत नाही. गुण, विष, मधुर, मंदिर. हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. आपण बोलताना गूण, मधूर असेच म्हणतो, कारण शेवटचा तुकडा मिटला की तो लांबवायची मराठी जिभेला सवय आहे. लिहिताना मात्र मुळाप्रमाणे ऱ्हस्व लिहायचे. उलट शरीर, गीत, जीव हे शब्द प्रत्यय लागला तरी दीर्घच: शरीराला, गीताला, जीवाला. इथे कानावर विसंबून चालत नाही, हे मान्य. हे शब्द पाठच करावे लागतात. पण पाठ करायचे ते एवढेच. आज आपण नियमही पाठ करून घेतो आणि अपवादही पाठ करून घेतो. मुलाला दोन्ही सारखेच परके. त्याच्या स्वतःच्या बोलण्यात असलेले काय आणि बाहेरून आलेले काय, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. नियम कानाने आणि अपवाद पाठांतराने, अशी वाटणी केली तर पाठांतराचे ओझे निम्म्याहून कमी होईल.

वाद स्पॅनिशमध्येही होतात. तिथल्या राजमान्य अकादमीची स्थापना 1713 सालची. तिने 2010 साली लेखननियमांची नवी आवृत्ती काढली आणि गिओन या शब्दावरची रेघ काढून टाकली. नाटक-सिनेमाच्या संहितेला हा शब्द आहे. अकादमीचे म्हणणे, लेखनापुरता हा एकच तुकडा धरावा, आणि एका तुकड्याच्या शब्दावर रेघ नसते. अनेक लेखक खवळले. आम्ही गि-ओन असे दोन तुकडे बोलतो, मग रेघ का काढता? शब्द एक तुकडा की दोन, यावर जाणती माणसे जाहीरपणे भांडली. मला त्या भांडणाचा हेवा वाटतो. बोलणारा आपल्या तोंडातला आवाज पुरावा म्हणून पुढे करतो आणि नियम करणाऱ्याला त्याची दखल घ्यावी लागते, असे वातावरण तिथे आहे.

आपल्याकडे नेमके उलटे घडले आहे. खेड्यातल्या मुलाला पहिला धडा मिळतो तो हा की तुझे बोलणे अशुद्ध आहे. ‘व्हय’ म्हणू नको, ‘नव्हं’ म्हणू नको, ‘लई’ म्हणू नको. प्रमाण मराठी शिकवायला माझा विरोध नाही. ती यायलाच हवी. पण या बजावण्यातून मूल आणखी एक गोष्ट शिकते. लिहिताना आपल्या तोंडावर भरवसा ठेवायचा नाही. शुद्ध काय ते पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत, आपण फक्त पाठ करायचे. मग ‘उसाला’ असे स्वच्छ ऐकू येत असतानाही ते ‘ऊसाला’ लिहिते. कारण मूळ शब्द ऊस आहे, पुस्तकात ऊ पाहिला आहे, आणि पुस्तकापुढे आपले बोलणे काय कामाचे? ही चूक आळसाने होत नाही. ती घाबरून होते.

वस्तुस्थिती अशी की ऱ्हस्व-दीर्घाच्या या नियमापुरते बिद्रीचे बोलणे आणि पुण्याचे बोलणे यांत काडीचाही फरक नाही. हेल वेगळा, क्रियापदे वेगळी, शब्द वेगळे. पण ऊस लांब आणि उसाला आखूड हे दोन्हीकडे तसेच. ज्या नियमाची खेड्यातल्या मुलाला सगळ्यात जास्त धास्ती घातली जाते, तो नियम त्याच्या बोलीत पूर्णपणे शाबूत आहे. तो त्याला आईकडून मिळाला आहे. शाळेने त्याला तो नव्याने द्यायची गरजच नाही. फक्त तो तुझ्यापाशी आहे, एवढे दाखवून द्यायचे आहे.

पुरावा हवा असेल तर ‘माणूस’ घ्या. माणसाला. उ नुसता आखूड झाला नाही, गळूनच गेला. मा-णूस, पण माण-सा-ला. लाकूड, लाकडाला. तेच. नियमांच्या यादीत हे कलमही आहे आणि ते उसाच्या कलमाहून अवघड आहे: तीन अक्षरी शब्द, पहिले अक्षर दीर्घ, मधला ई किंवा ऊ, त्याच्या जागी अ. तरीही ‘माणूसाला’ असे सहसा कुणी लिहीत नाही. अवघड कलम बरोबर आणि सोपे कलम चूक. कारण ‘माणसाला’ लिहिताना मूल कानाचे ऐकते आणि ‘उसाला’ लिहिताना डोळ्याचे.

बिद्रीवरून पुढे गेले की गारगोटी. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी तिथे मौनी विद्यापीठ उभे केले. खेड्यातले शिक्षण खेड्यातल्या माणसाच्या जगण्याला जोडलेले असावे, ही त्यामागची दृष्टी. या पट्ट्याला ती परंपरा आहे. शुद्धलेखनाचा तास त्या परंपरेच्या बाहेर का राहावा? त्यासाठी नवे पुस्तक नको, निधी नको, प्रशिक्षणाचे शिबिर नको. तिसरी-चौथीच्या वर्गात नियम सांगण्याआधी आठवडाभर फक्त बोलायचे. आधी गावांची नावे. बिद्री, बोरवडे, सरवडे, मुदाळ, कागल, मुरगूड. हनुवटीखाली हात धरून तुकडे मोजायचे. मग घरातले शब्द. ऊस, गूळ, दूध, चूल, मूल. मग त्यांना ला, चा, त लावून पुन्हा मोजायचे. कुठला आवाज पुढच्या तुकड्यात गेला ते मुलांनाच सांगू द्यायचे. फळ्यावर काहीही न लिहिता. उपान्त्य हा शब्द सातवी-आठवीत आला तरी चालेल. तोवर मुलांना तो कशाचे नाव आहे हे आधीच माहीत असेल.

गुरुजी आणि बाई यांना एवढीच विनंती आहे. वहीतल्या ‘ऊसाला’वर तांबडी फुली मारण्याआधी त्या मुलाला उभे करा आणि तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. तो ‘उसाला’ म्हणेल. मग त्याला सांगा, आत्ता म्हणालास तेच लिही.